बाटली आडवी करायला माहेरी

आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीचं नाव कशातूनही कापत नाहीत. रेशनकार्डावरून नाही आणि मतदार यादीतून तर नाहीच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे विणकर. मागावर धागा तुटला की तो सांधायचा असतो, कापायचा नसतो, हे एकच शहाणपण आमच्या वस्तीने जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं. जित्या पोरीचं नाव कापलं की तिचं आयुष्य कापलं, असं आई म्हणायची. त्यामुळे मी भिवापूरला नांदायला गेले, दोन लेकरांची आई झाले, तरी नागपूरच्या यादीत आपली बाबांच्या नावाखाली लग्नाआधीच्याच नावाने बसलेली. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात अशा एकदोन पोरी होत्या. संसार उमरेडला नाहीतर भंडाऱ्याला, आणि मत नागपूरला. या खुळेपणाने आमच्या बायकांना एकदा पार हरवलं. आणि माझे बाबा आज ऐंशी ओलांडून पलंगावर बसतात आणि चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरतात, तेही याच खुळेपणामुळे.

घरचा माग बंद पडल्यावर बाबा इतवारीच्या बाजारात साड्यांच्या एका दुकानात कामाला लागले. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि गिऱ्हाइकासमोर साड्या उलगडायच्या. गिऱ्हाइकाने एक मागितली की हे दहा उलगडायचे, कारण घड्या घालायला दुसरा माणूस होता. बाबा जन्माचे आळशी. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर असला तरी आईला हाक मारणारे. घर ते दुकान एवढंच त्यांचं चालणं, आणि त्या वाटेवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, भट्टी होती.

आमच्याकडे देशी दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात, तिथे काही गाळत नसले तरी. सकाळी आम्ही दप्तरं घेऊन शाळेत निघायचो तेव्हा तिचं शटर वर गेलेलं असायचं आणि काही माणसं तोंड धुवायच्या आधीच रांगेत उभी असायची. बाबा कामावर जाताना एकदा आत शिरत आणि परतताना पुन्हा. त्यांनी कधी हात उगारला नाही, भांडी आपटली नाहीत. पिऊन आले की ते नुसते गप्प बसत, आणि त्यांचं हे गप्प बसणं वर्षागणिक वाढत गेलं. शेवटी शेवटी दिवाळीला माहेरी गेले तरी बाबा माझ्याशी चार शब्द बोलत नसत. मारकुटा बाप असता तर निदान भांडता तरी आलं असतं. या माणसाशी भांडायचं कसं?

भट्टी आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून नेत होती. कावीळ झाली, पोट फुगलं, रस्त्यात पडला, असं काहीतरी कारण सांगायचे. दारू कुणी म्हणायचं नाही. विधवा व्हायला आमच्याकडे म्हातारं व्हावं लागत नसे. समोरच्या घरातली मावशी अशीच तरुणपणी एकटी राहिलेली. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, शेजारातली. ती मुलींच्या शाळेत शिपाई होती आणि तिची एक हाक आली की अख्खी गल्ली सरळ उभी राहायची. तिचे सासरे छप्पन सालच्या दीक्षेला दीक्षाभूमीवर होते. दारू पिणार नाही ही शपथ त्यांनी तिथे घेतली आणि मरेपर्यंत पाळली. "सासऱ्यानं घेतलेली शपथ पोरानं भट्टीत बुडवली," असं मावशी नवऱ्याबद्दल म्हणायची. ते सांगताना ती रडायची नाही. तिला राग यायचा, आणि तो राग पुढे आमच्या फार कामी आला.

दारूचं दुकान बायकांच्या मतदानाने बंद करता येतं, हे मावशीला कुणीतरी सांगितलं. आधी बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, सरकारी माणसं सह्या तपासतात, मग एके दिवशी फक्त बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. ऐकायला सोपं. मावशी आणि आई दारोदार फिरल्या, सह्या झाल्या, मतदान झालं. ज्या बायका आल्या त्या जवळजवळ सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. तरीही उभी बाटली जिंकली.

कारण नियम असा की आलेल्या बायकांची निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जितक्या बायका आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्याच पारड्यात गेली म्हणायची. आणि आमच्या यादीत कोण नव्हतं! सासरी गेलेल्या पोरी होत्या, माझ्यासारख्या. वारलेल्या आज्याही होत्या, त्यांचं नाव कापायलाही कुणाचा हात धजला नव्हता. मावशी निकाल ऐकून शाळेच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मेलेल्या भी भट्टीले मत देऊन राहिल्या अन् पोरी भी. आता जित्या बायांनं का करावं वं?"

मला हे सगळं फोनवर कळलं. मिरचीचा हंगाम होता, माझे हात देठ खुडण्यात गुंतलेले. मी हळहळले आणि पुन्हा मिरचीला लागले. आपण भट्टीला मत दिलं आहे, असं काही मला वाटलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबा दुपारी दुकानात गिऱ्हाइकाला साडी दाखवत असताना रक्ताची उलटी होऊन पडले. शेठने माणूस देऊन त्यांना ऑटोतून सरकारी दवाखान्यात पाठवलं. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, पण चेहरा हळदीने माखल्यासारखा. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. यकृत बरंच गेलंय, पण अजून हातात आहे, म्हणाला. दारू थांबली तर माणूस जगेल. नाही थांबली तर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत आणायचीही गरज पडणार नाही. आईने पदर तोंडाला लावला. बाबा छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

आई चहा आणायला खाली गेली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बाबा, माझी शपथ घ्या. सोडतो म्हणा."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. खूप वर्षांत ते माझ्याशी इतके बोलले नव्हते.

"खोटं नाही बोलत मी तुह्यापाशी. सोडतो म्हणून नाही सांगू शकत. रोज सकाळी सोडूनच निघतो ना मी घरून. पण ते समोर दिसलं का पाय वळते, माह्यं काही चालत नाही. ते दुकान तिथं नसलं त माह्यानं होईन." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या बारीले तू ये बाई. तुह्यं नाव आहे यादीत. मी कापू नाही दिलं."

माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो म्हणतात. माझ्या बापाने मतपत्रिकेचा शोधला. मी हो म्हटलं आणि जिन्यात जाऊन पोटभर रडले.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती वेगळंच बोलली. आईचा बाबांच्या इच्छाशक्तीवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्यांच्या आळसावर गाढ विश्वास होता. "दुसरी भट्टी रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. तुह्या बापाले मी ओळखते. एवढं चालून दारू प्यायले जाणारा माणूस नाही तो. जवळ आहे म्हणून पिते. दूर गेली त कंटाळा करीन." मला हसू आलं. पुढे तिचंच खरं ठरलं.

घरी आल्यावर बाबा महिनाभर बाहेर पडले नाहीत. मग दुकानात जाऊ लागले आणि वाटेवरची भट्टी पुन्हा त्यांना आत ओढू लागली. थोडीच घेतो, म्हणायचे. थोडी काय अन् जास्त काय, डॉक्टरचे शब्द आम्हा सगळ्यांच्या कानात होते. एका वर्षाच्या आत दुसरं मतदान मागता येत नव्हतं. ते वर्ष आईने कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक.

या वेळी मावशी नुसती दारोदार फिरली नाही. तिने प्रत्येक आईला पोरीच्या सासरी फोन करायला लावला. निरोप एकच: अमक्या दिवशी माहेरी ये, बाटली आडवी करायची आहे. आखाडीला, दिवाळीला, भुलाबाईला पोरी माहेरी यायच्याच, पण दारूच्या दुकानासाठी माहेरपण आमच्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या सासूबाई ऐन हंगामात सोडतील की नाही याची मला धास्ती होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जाय वं. माह्यं नाव असतं त मी भी आली असती." आणि बाबांसाठी म्हणून लाल मिरचीची पिशवी बांधून दिली. यकृत गेलेल्या माणसाला भिवापुरी मिरची! पण प्रेम पथ्यपाणी बघत नाही.

सकाळी बसमधून उतरले तर स्टँडवर बाबा उभे. पांढरा सदरा, केस विंचरलेले. मला घ्यायला बाबा कधीच येत नसत, ऑटो करून ये म्हणायचे. मी पिशवी देईना, तर त्यांनी ओढून घेतली. त्यांचे हात थरथरत होते, पिशवी सारखी हलत होती. तोंडाला वास नव्हता. गल्लीच्या तोंडाशी येण्याआधीच ते वळले आणि मला मागच्या बोळातून, लांबच्या वाटेने घरी घेऊन गेले. मी का म्हणून विचारलंही नाही. माझा आळशी बाप भट्टी टाळायला चक्क फेऱ्याने चालत होता, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

शाळेत रांग लागली होती. उमरेडच्या, भंडाऱ्याच्या, काटोलच्या पोरी, काखेत लेकरं, वर्षानुवर्षांनी भेटलेल्या. लग्नघरासारखा गलका. पण वस्तीच्या पलीकडच्या टोकाच्या बायका दिसेनात. म्हाताऱ्या तर एकही नाही. मावशी बघायला गेली तेव्हा कळलं की तिकडच्या देवळापाशी एक बस उभी आहे. रामटेकची फुकट यात्रा, जेवणासकट, ती नेमकी आजच. कुणाची भक्ती उतू गेली होती हे सांगायला नको. भट्टीवर बसणारा माणूसच बसच्या दारात उभा राहून म्हाताऱ्यांना हात धरून वर चढवत होता. उभ्या बाटलीला मत दिलं नाही तरी चालेल, नुसत्या गावाबाहेर राहा, एवढंच त्याला हवं होतं. आमच्या नियमाचं गणित त्याला आमच्यापेक्षा आधी कळलेलं!

मावशीमागे आम्ही दहाबारा पोरी धावलो. मला वाटलं मावशी भांडेल, बस अडवेल. ती सरळ आत चढली, पुढच्या सीटवर बसली आणि म्हाताऱ्यांना म्हणाली, "रामटेकले जाऊ ना बाप्पा, काहून नाही जाऊ. मी भी येते. पण जाता जाता शाळेवर पाच मिनिटं थांबू. शिक्का मारू अन् मग देवाले सांगू, बाबा, काम करून आलो." एक आजी म्हणाली, "हे बरं सांगतलं. मलेही जाचंच होतं, पण ह्यानं म्हटलं बस निघून जाईन." भट्टीवाला ड्रायव्हरवर ओरडू लागला, सरळ घे म्हणून. ड्रायव्हरने आरशात मागे पाहिलं. बसभर बायका, आणि त्यातल्या निम्म्यांचे हात चपलेकडे. "मले का करायचं आहे भाऊ," तो म्हणाला, "शाळा वाटेवरच आहे." आणि गाडी शाळेकडे वळवली.

तर आमच्या म्हाताऱ्या भट्टीच्या पैशाने बसमधून उतरल्या, एकेक करून आडव्या बाटलीवर शिक्का मारून आल्या आणि भट्टीच्याच पैशाने रामटेकला जाऊन पोटभर जेवल्या. त्या प्रसादाचा एक लाडू मावशीने भट्टीवाल्यासाठी आणला होता म्हणे. मी स्वतः पाहिलं नाही, पण मावशी तसं करू शकते.

माझी पाळी आली तेव्हा मतपत्रिका धरताना बोटांची आग होत होती, मिरचीची. चित्रं दोनच. मी शिक्का हातात घेतला आणि एकदम घाबरले. अशी कितीतरी मतं मी दिली होती, कुणी निवडून आलं तर आलं, पडलं तर पडलं. या वेळी शिक्क्याखाली माझा बाप होता. मी दोनदा पाहिलं, आडवीच आहे ना, आणि दाबला.

संध्याकाळी निकाल लागला. आम्ही थोडक्या मतांनी जिंकलो, पण जिंकलो. शाळेच्या मैदानात बायका नाचल्या, आईसुद्धा. आईला नाचताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिला नाचता येत नाही. घरी आलो तर बाबांनी आमच्यासाठी खिचडी टाकलेली. खाली लागलेली, वर कच्ची. आम्ही ती चाटूनपुसून खाल्ली. निकाल ऐकून ते ताट घेऊन मोरीकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं ताट आपण धुतलं.

काही दिवसांनी सरकारी माणसं आली आणि भट्टीच्या शटरला सील लागलं. त्यानंतर सगळं गोडगोड झालं, असं नाही. पहिला महिना बाबांनी आईला शिव्या दिल्या, घाम, कापरं, पुन्हा दवाखाना. रेल्वे लाइनच्या पलीकडची भट्टी होतीच, आणि आमच्या गल्लीतले काही जण तिथवर जात राहिले. त्यांतले दोघे पुढे दारूनेच वारले. त्यांच्या बायकाही आमच्यासोबत रांगेत होत्या. बाबाही एकदोनदा तिकडे गेले. पण जिना चढून पूल ओलांडायचा, उतरायचं, पुन्हा तेवढंच परत यायचं. आईचा हिशोब चुकला नाही. एका सकाळी ते अर्ध्या वाटेवरून परत आले आणि म्हणाले, "कोण जाते एवढ्या दूर." आई मोरीत भांडी घासत होती. तिने नळ मोठा सोडला, म्हणजे आपलं रडणं ऐकू जाणार नाही.

देवाने माझ्या बापाला आळस दिला, त्याचे मी आभार मानते. सासूबाईंचे मानते. त्या ड्रायव्हरचे मानते, त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही. मावशी आता नाही. तिचे मानायचे राहून गेले असं मात्र म्हणणार नाही, कारण दर दिवाळीला मी तिच्या घरी जाऊन मानले आणि दर वेळी तिने "बस वं, चहा पी" म्हणून मला गप्प केलं. भट्टीच्या जागी आता शिलाईचं दुकान आहे. बाबांच्या नातवंडांचे शाळेचे कपडे तिथेच शिवले. गप्प बसणारे बाबा आता इतकं बोलतात की आई कानाला हात लावते.

मागच्या महिन्यात मी माहेरी होते तेव्हा मतदार यादी तपासणाऱ्या बाई घरी आल्या. एकेक नाव वाचत माझ्यापर्यंत आल्या आणि विचारलं, "या इथे राहतात का?"

मी काही म्हणायच्या आत बाबा पलंगावरून बोलले, "ती नाही राहत बाई. पण मी राहतो ना. तिच्या मतानं राहून राहिलो."

बाईंना काही उमगलं नाही. मी त्यांना बाहेर नेऊन समजावलं की कापा, मी रीतसर भिवापूरला नाव घालून घेते. नियम तो नियम, आणि आता काय गरज? भट्टी जाऊनही युग लोटलं. आत आले तर बाबा तोंड फिरवून बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"रागावलात? अहो बाबा, भट्टी केव्हाच बंद झाली. नाव ठेवून काय करायचं?"

शेजारच्या जिल्ह्यातली दारूबंदी उठली तेव्हा टीव्हीसमोर बसून त्यांनी ती बातमी पुन्हा पुन्हा ऐकली होती, हे मला आईने सांगितलं होतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

"अन् पुन्हा उघडली त?" ते म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज तोच होता, दवाखान्यातला. "तवा तू कोणत्या नावानं येशीन?"